रोज थोडी उजळ

हॅलो?… हां बाबा, बोला. मिळाला हो फोटो, आत्ताच उघडला.

तलासरीहून शांताराम बोलत होते, आणि ते बोलायला लागले की समोरच्याने नुसतं हं हं करायचं. पण दीप्ती डहाणूला आपल्या फोटो स्टुडिओत बसली होती, पडद्यावर आईचा फोटो होता, आणि आज हं हं करून भागणार नव्हतं.

अहो ऐका ना… बाबा… वाईट काढलाय असं कुठं म्हणतेय मी? फाटलाय म्हणतेय. गालांवर चौकोन उमटलेत. तीन फुटी प्रिंट काढली तर आई ओळखूसुद्धा येणार नाही!… हो, माहितीये, रविवारी लग्नाला चाळीस वर्षं होतात… हो, आणि कॅमेऱ्यासमोर ती कधी मोकळी हसत नाही, हा एकच… हो, हो, म्हणून तर विचारतेय. काय केलंत तुम्ही त्याला?

…थोडा उजळ केला. बरं. कितीदा?

…रोज?

…रोज उघडायचा, उजळ करायचा नि सेव्ह? काय हे बाबा!

तहसील कचेरीत जन्म गेलेला माणूस! फाइल उघडली की काहीतरी शेरा मारल्याशिवाय मिटायची नाही, ही खोड निवृत्त झाले तरी गेली नव्हती.

अहो, जेपीजी आहे ती. हलकी असते, पण दर सेव्हला थोडी झिजते… नाही हो, नावापुढे टिफ लिहिलं म्हणून ती न झिजणारी टिफ होत नाही! झिजलं ते झिजलं… बरं, कॅमेऱ्यातलं कार्ड? पुसलंत?… पाकिटात? तारीख घालून, सही करून? अहो, धन्य आहात! मग मूळ फोटो आहे की शाबूत!… शेजारचा विपुलदादा उद्या येतोय ना इकडे, त्याच्याकडे द्या. मोबाइलवरून नको, कार्डच द्या. मी टिफ करून ठेवते. जड असते, पण कितीदाही सेव्ह करा, झिजणार नाही. प्रिंट त्यातूनच काढू.

…तुम्हाला? देईन हो एक जेपीजी. नुसती बघायला.

…पण रोज कशाला उघडता म्हणते मी? आई कुठाय आत्ता?… ओट्यावर? वालपापडी सोलतेय?

दीप्तीला एकदम भरून आलं. आवाज मात्र तिने दटावणीचाच ठेवला.

बाबा, बंद करा तो कॉम्प्युटर. सेव्ह करू का विचारेल, नाही म्हणा. आणि बाहेर जाऊन तिच्याजवळ बसा… काय बोलू म्हणजे? काहीही बोला. हसेल ती… जा आता. ठेवते मी.