नदेरा येथील भाड्याच्या घराचे पुढचे दार उचलून नेल्याबाबत

नाव विलिसोनी दाकाई, वय एकवीस, धंदा सध्या काही नाही, कॉलेज अर्धवट सोडलेले, राहणार नदेरा, सुवाजवळ, फिजी.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी आईसोबत राहतो. अपिसाई हे माझे सख्खे मामा. पलटणीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्याच गल्लीत एक घर विकत घेऊन भाड्याने दिले. त्यात मोसेसे, त्यांची बायको व मुलगी अकोसिता राहतात. मोसेसे अर्धांगाने अंथरुणावर आहेत. भाडे कधी थकलेले नाही.

कॉलेजात मी मालमत्तेच्या व्यवस्थापनाचाच विषय घेतला होता, म्हणून मामांनी सुरुवातीला मला सल्ला विचारला. मी सांगितले, करार लेखी कर, खोल्यांचे फोटो काढून ठेव, घरी जायच्या आधी कळव, आणि घर रिकामे हवे असेल तर लेखी नोटीस देऊन मुदत संपेपर्यंत दाराला, पाण्याला, विजेला हात लावू नको. मामा म्हणाले, "कॉलेज सोडलेला वकील! माझं घर, माझं दार."

मंगळवारी मामांना जास्त भाडे देणारे गिऱ्हाईक मिळाले. नोटीस दिली नाही. बुधवारी दुपारी त्यांनी पुढचे दार बिजागऱ्यांसकट काढून आपल्या अंगणात नेले. दार नसले की आपोआप जातील, असे ते यंगोना, म्हणजे आमच्याकडचे मुळीचे गुंगीचे पेय, पिताना चारचौघांत म्हणाले. हे दिवस वादळाचे आहेत. त्या रात्री अकोसिताने चौकटीला चटई बांधली व बापाच्या उशाशी बसून राहिली.

गुरुवारी सकाळी मी मामांच्या अंगणात गेलो. आमच्यात बहिणीच्या मुलाने मामाची कोणतीही वस्तू उचलली तरी मामाने अडवायचे नसते. मी सर्वांदेखत ओरडून म्हणालो, "मामा, हे दार मला आवडलं. भाच्याच्या हक्काने नेतो. अडव बघू!" मामी हसल्या. मामांची मान खाली गेली. मी दार डोक्यावर घेऊन निघालो.

मोसेसेंच्या घरी दार नव्हते म्हणून सरळ आत शिरलो. अकोसिता बापाचे अंग पुसत होती. ती म्हणाली, "दार नसलं तरी हाक मारून यायचं असतं, विली." मी बाहेर आलो. ती मागून येऊन म्हणाली, "कुणाचं दार आणलंस?" मी म्हणालो, "आता माझं. मामाकडून घेतलं." ती म्हणाली, "म्हणजे काल मामाचं, आज तुझं. इथे आम्ही राहतो ना रे? उद्या तू रागावलास की तू काढून नेशील."

मी दार चौकटीला टेकवले. दार लावण्याआधीच मामांच्या तक्रारीवरून शिपाई आले व दारासह मला ठाण्यात आणले.

अकोसिता माझी कोण, असे विचारण्यात आले. ते मला माहीत नाही. तिला विचारावे.

मामा आता बाहेर बाकावर बसले आहेत. सख्ख्या भाच्यावर चोरीची तक्रार केली म्हणून गल्लीत छी-थू झाल्यामुळे ते तक्रार मागे घ्यायला आले आहेत. "पोराचा हक्कच आहे, घरातल्या घरात मिटवू," असे ते म्हणतात. मी त्यास तयार नाही. तसे मिटले तर दार मामाचेच होते आणि त्यांनी ते मला दिले, असे होईल. मग ते पुन्हा काढायला मामा मोकळे. मी रागाच्या भरात हक्क सांगितला तो चुकीचा होता. भाड्याने दिलेल्या घराचे दार मामांनी काढायचे नव्हते आणि मीही मागायचे नव्हते. तो हक्क मी सोडतो. दार बुधवारी मोसेसेंच्या राहत्या घरातून गेले, असे लिहून घ्यावे, मग माझ्यावर काय कलम लागेल ते लागो.

दार पुराव्यासाठी ठाण्यात ठेवावे लागेल, असे साहेब म्हणतात. बाहेर आभाळ भरले आहे. पुरावा म्हणून मला ठेवून घ्यावे, दार त्यांच्या घरी पाठवावे.

हा जबाब मला माझ्या भाषेत वाचून दाखवला. मी सांगितले तेच यात आहे. कोठेही खाडाखोड नको, म्हणून सही करतो.

विलिसोनी दाकाई