गाडीचा काय दोष!

...आणि वर हे मलाच विचारतात, "अगं, गाडी पुसायचं मऊ फडकं कुठं गेलं?" आता तुम्हीच सांगा, जी गाडी महिनाभर जागची हललेली नाही, तिला पुसायचं काय? पेट्रोल परवडत नाही म्हणून हे कामावर जाणार चालत, आणि सकाळ-संध्याकाळ तिला आंघोळ घालणार! लोकांना वाटायचं, काय हौशी माणूस आहे! हौस कसली डोंबलाची... हप्ते थकले होते हो! गाडी मात्र छान होती, तिचा बिचारीचा काय दोष!

तुम्हाला सांगते, आमचे हे कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर माप पाठवणार, हे दात बसवून देणार. गाडी घेतली तेव्हा जेवायला सवड नव्हती, एवढं काम. मग डॉक्टरांनी आणलं यंत्र. बटण दाबलं की दात बाहेर! यांचं काम आलं निम्म्यावर, पण हप्ता येतो का निम्म्यावर? तो आपला जावयासारखा, ठरल्या दिवशी दारात हजर!

आणि मग सुरू झाले वसुलीचे फोन. पहिल्यांदा हे खर्जात म्हणाले, "साहेब बाहेरगावी गेलेत." दुसऱ्यांदा नाकातून, "मी त्यांचा भाऊ बोलतोय." अहो, यांना भाऊच नाही! एकदा तर घाबरून बायकी आवाजात "मी मिसेस बोलतेय" म्हणाले, आणि मिसेस मागे उभी! मी म्हटलं, "अहो, देऊन टाका ना परत." तर म्हणे, "परत दिली तरी सगळे पैसे भरावेच लागतात, वर अब्रू जाते ती वेगळीच." कोणी सांगितलं? कोणीच नाही! माणूस घाबरला की स्वतःच स्वतःचा वकील होतो, आणि खटलाही हरून मोकळा होतो. जेवताना घास हातातच राहायचा यांचा. मला काय दिसत नव्हतं? पण विषय काढला की हे उठून खाली, फडकं घेऊन... आणि गाडीचा तरी काय दोष!

तर एक दिवस हे कामावर, मी गच्चीवर कपडे वाळत घालतेय, आणि फोन उचलला कोणी? सासूबाईंनी! पलीकडून वसुलीवाली कडक आवाजात, "हप्ता कधी भरताय?" आणि सासूबाई म्हणतात, "कोण गं तू? घसा बसलाय वाटतं. गरम पाणी पी आधी." झालं! स्वतःच्या गुडघ्यापासून निघाल्या त्या डॉक्टरांच्या यंत्रापर्यंत पोचल्या, आणि शेवटी हळूच म्हणाल्या, "बुडवणारा नाही गं माझा मुलगा. लाजतोय."

पलीकडचा आवाज एकदम उतरला. मग ती पोरगी म्हणाली, "आजी, निम्म्याहून जास्त पैसे भरलेत त्यांनी. त्यांच्या करारात तसं कलमच आहे, आपणहून गाडी परत केली तर तो रद्द होतो. थकलेले हप्ते तेवढे सावकाश फेडायचे, पुढचं काही नाही. पण आमची माणसं परवा गाडी ओढून न्यायला येणार आहेत, त्याआधी लेखी द्यायला हवं. उद्याच पाठवा त्यांना!"

आता बघा, तिचं काम पैसे मागायचं. वाट दाखवायला तिला कोणी पगार देत होतं का? देव तिचं भलं करो!

सासूबाईंनी हे सगळं मला सांगितलं; मी यांना त्यांचं नाव न घेता एवढंच म्हटलं, "गाडी परत देऊन सुटता येतं, चला!" दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गाडी घेऊन त्यांच्या ऑफिसात. ती बसलेली, किडकिडीत पोर, गळ्याला मफलर. यांच्याकडे बघून म्हणते, "बाहेरगावाहून कधी आलात?" हे लालबुंद! मग म्हणते, "आणि भाऊ बरे आहेत ना?" अहो, मी पदर तोंडात कोंबला! पण हसत हसत तिने प्रत्येक कलम बोटाने दाखवलं, दोनदा वाचायला लावलं, मगच सही घेतली. तपासनीस गाडीखाली वाकला, चारी बाजूंनी फिरून आला, म्हणाला, "साहेब, ओरखडा नाही एक! चालवलीत की नाही कधी?" हे म्हणाले, "पुसली जास्त."

किल्ली दिली. वाटलं, आता वळतील. तर हे परत गाडीपाशी गेले, टपावर हात ठेवला आणि मलाच ऐकवतात, "तिचा काय दोष गं!"  अशा वेळी बायकोने गप्प राहावं, वर्षातून एकदा जमतं मला.

घरी चालत आलो. कोपऱ्यावर हे थांबले, "आईला काय सांगू?" मी म्हटलं, "अहो, आईंनीच तर सोडवलं!" घरात गेले ते थेट सासूबाईंच्या पायाशी बसले. त्या म्हणतात, "त्या पोरीचा घसा कसाय?"

मग हे पोटभर जेवले, खुर्चीत टेकले, आणि भर दुपारी असे घोरायला लागले की खालचे काका धापा टाकत वर आले, "वहिनी, गाडी चालू ठेवून आलात की काय?"

काय सांगणार? म्हटलं, "राहू द्या काका... ही काही आता बंद व्हायची नाही!"