वाळत घातलेले नायदेनकाका

तर तुम्हाला सांगतो, मी नायदेनकाकांना मारलेलं नाही. आमच्या इमारतीत अजून तीन माणसं अशी आहेत की मला जिन्यात बघून भिंतीला चिकटून उभी राहतात, आणि कोपऱ्यावरची पाववाली भर दुकानात विचारते, "काय ग्रोझ्दान, आज कोणाचा नंबर?"... अहो, नंबर कसला? मी पाण्याचे मीटर वाचणारा माणूस, बावन्न वर्षांचा, रक्तदाबाची गोळी घेतल्याशिवाय मला दुसरा मजला चढवत नाही, मी कोणाला मारणार? मी फक्त चिकटवलं.

चिकटवलं म्हणजे काय, तेही सांगायला हवं, कारण ते नीट कळलं नाही की मी खुनीच वाटतो. मी रोजनिशी लिहितो. एकोणीस वर्षं, एका दिवसाचा खाडा नाही. तारीख आणि एक ओळ, फार तर दीड. आणि गेली अकरा वर्षं त्या ओळीखाली त्या दिवसाची एक वस्तू, चिकटवलेली. आता तुम्ही म्हणाल, रोज वस्तू कुठून आणतोस? अहो, मी मीटर वाचतो. आमच्या सेवलिएवो गावातली अशी मोरी नाही की जिच्यात मी वाकलो नाही, असं तळघर नाही की जिथे माझं डोकं आपटलं नाही, आणि प्रत्येक घरात कोणी ना कोणी काहीतरी फेकत असतं. नळाचा झिजलेला वायसर. भाजलेल्या मिरचीच्या चटणीच्या बरणीचं लेबल. मार्चमध्ये मनगटाला बांधून झाडाला अडकवायचा राहून गेलेला शकुनाचा लाल-पांढरा दोरा. कॉफीचा कप ठेवून ठेवून गोल डाग पडलेलं पाण्याचं बिल, आमच्याच खात्याचं. मी विचारतो, "टाकताय? मग द्या." लोक देतात. लोकांना वाटतं, खात्याचा नवा नियम असेल.

माझी बायको स्तान्का म्हणते, "दुसऱ्यांचे नवरे मीटर वाचून दमून घरी येतात, माझा उकिरडा घेऊन येतो." पण तीच म्हणते हं, आणि तीच शाळेच्या स्वयंपाकघरातून येताना पर्समधून डब्याचं कापलेलं झाकण काढून माझ्यापुढे ठेवते. "याचा रंग बघ. तुझ्या उपयोगाचं नसेल तर टाकून देते." अकरा वर्षांत एक झाकण टाकलेलं नाही तिने. मी हे तिला कधी बोललो नाही, वहीत मात्र लिहिलंय.

पुढे वहीत मावेना म्हणून प्लायवूडचे तुकडे आणले. खाली जुनी वर्तमानपत्रं खळीने चिकटवायची, ती वाळली की वर कॉफीचं पाणी फिरवायचं, त्यावर कापड, त्यावर पत्रा, दोरा, वाळू, गंजलेली किल्ली... एकावर एक. कोणाकडे शिकलो? कोणाकडेच नाही. चुकलं की वर अजून एक थर.

तर वाचनालयाच्या सेक्रेटरी वेलिकाबाई एकदा मीटरच्या निमित्ताने आमच्याच घरात... नाही, मीच त्यांच्याकडे गेलो होतो मीटर वाचायला, पण त्यांनी माझी वही बघितली आणि म्हणाल्या, "मे महिन्यात हॉल रिकामा आहे. प्रदर्शन लावा." माझं. हॉलमध्ये. मी घरी येऊन त्या दिवसाची ओळ तीनदा लिहिली. पण पुढे त्या म्हणाल्या, "फक्त सगळी झाकणंच नकोत हो. एखादा माणूस करा."

माणूस म्हटल्यावर माझ्यापुढे एकच चेहरा. तळमजल्यावरचे नायदेनकाका, शिंपी. आता ते का, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, थोडं थांबा.

अकरा वर्षांपूर्वी माझी आई गेली. मी वहीत तारीख लिहिली आणि पुढे ओळ येईना. दुसऱ्या दिवशीही नाही. चार दिवस वहीत नुसत्या तारखा. पाचव्या दिवशी कामावर गेलो, पहिलाच मीटर काकांचा. त्यांनी काही विचारलं नाही, मोरीचा दिवा लावून दिला, आणि मी आकडा लिहून उठलो तर हातात एक तपकिरी बटण ठेवलं. म्हणाले, "तुझ्या आईच्या कोटाचं आहे. प्रत्येक कोटाचं एक जास्तीचं बटण मी ठेवून घेतो. न जाणो." मी घरी आलो, ओळ काही सुचली नाहीच, पण त्या पहिल्या तारखेखाली ते बटण चिकटवलं. तिथून हे सगळं सुरू झालं. आणि त्या माणसाला म्हणे मी मारीन. मी फक्त चिकटवलं.

असो. काकांचा जुना फोटो मोठा करून घेतला, प्लायवर लावला. कोट केला त्यांच्याच पॅंटच्या अस्तराचा. भोवती चौकट हवी, तर त्यांनी मला एकदा दिलेली लांबलचक चेन होती, घट्ट दातांची, ती फिरवली चारी बाजूंनी. काळी होती. आता शिंप्याकडे चेन काळीच असणार, त्याने काय जांभळी ठेवायची? खाली बटणांनी नाव लिहिलं, "नायदेन, शिंपी", आणि त्याखाली १९४६, आणि पुढे डॅश. डॅशपुढे काही नाही, कारण माणूस जिवंत आहे. मी इतका काटेकोर माणूस, मला वाटलं डॅश असलेला बरा, पुढचं मोकळं दिसतं.

बुधवारी सकाळी बघतो तर डिंक ओला. स्वयंपाकघरात ओल, स्तान्का म्हणाली, "हा माणूस माझ्या ओट्यावरून हलव." मला कामावर जायचं होतं, नदीपलीकडच्या भागात चाळीस मीटर. मग मी काय केलं? इमारतीच्या दाराशी ऊन चांगलं येतं, दाराशेजारी एक खिळा रिकामा होता, त्या खिळ्याला काकांना वाळत घातलं आणि गेलो.

तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या नाही आलं. आमच्याकडे दाराशी थांबून भिंत वाचल्याशिवाय कोणी आत शिरत नाही. कोण गेलं, कोणाला चाळीस दिवस झाले, कोणाला वर्ष झालं... फोटो, काळी चौकट, नाव, जन्मसाल, डॅश, मृत्युसाल. त्याच भिंतीवर. खिळा रिकामा होता तो काही उगीच रिकामा नव्हता.

दुपारी परत येतो तर दाराशी आठ माणसं. टोप्या हातात. मिन्काकाकू, चौथ्या मजल्यावरच्या, त्यांच्या हातात फुलं. मी सहा मोजली. सम संख्या. आमच्याकडे सम फुलं फक्त मेलेल्याला. म्हणजे कोणीतरी गेलं. मी पण टोपी काढली आणि हळूच विचारलं, "कोण?"

काकू म्हणाल्या, "नायदेन."

तुम्हाला खोटं वाटेल, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "अहो, परवा तर बोललो आम्ही... कधी?" तर काकू म्हणाल्या, "तेच तर कळत नाही. दुसरा आकडा पडलाय. डिंकच ओला आहे, कोणी केलंय कोण जाणे, हलगर्जी मेले. बघ बाबा तुझ्या पायाखाली."

आणि तुम्हाला सांगतो, मी खाली वाकलो. आठ माणसं आणि नववा मी, पायऱ्यांवर, कुंड्यांमागे, पायपुसण्याखाली नायदेनकाकांचं मृत्युसाल शोधतोय. वाकल्या वाकल्या माझी नजर वर गेली आणि मला चेनचे दात दिसले. म्हटलं, ही चेन ओळखीची आहे.

आता मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आवाज, "काय हरवलंय?" नायदेनकाका. बाजारातून आले होते, हातात मिरचीच्या रोपांचा ट्रे.

कोणी ओरडलं नाही. आमचे लोक ओरडत नाहीत. मिन्काकाकूंनी त्यांच्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, आणि रागावून म्हणाल्या, "आणि मी जे गहू उकडायला ठेवलेत, साखर घालून, ते आता कोणाच्या नावाने वाटायचे?" मग सहा फुलांतलं एक काढून स्वतःच्या बटणाच्या काजात खोचलं आणि उरलेली पाच काकांच्या हातात दिली. जिवंत माणसाला विषम. बाई शोकात असली तरी पद्धत चुकायची नाही.

काका बोर्डासमोर उभे राहिले. मी पुटपुटतोय, "काका, मी फक्त चिकटवलं, वाळत घातलं होतं..." ते ऐकतच नाहीत. खूप वेळ बघून म्हणाले, "कॉलर उलटी लावलीस." मग मागे वळून टोप्या मोजल्या. "आठ. बुधवारी दुपारी आठ म्हणजे वाईट नाही." खूश होते हो, खरंच खूश होते.

तोवर मिन्काकाकूंना आठवलं. "अगंबाई, मी इस्क्राला फोन केला."

इस्क्रा म्हणजे काकांची मुलगी. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला असते, तिथे दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालते, त्यामुळे स्वतःच्या म्हाताऱ्याकडे यायला रजा मिळत नाही. सहा वर्षं. रविवारी फोन.

काका पायरीवर बसले. "काय म्हणाली?"

"काय म्हणणार? रडली. म्हणाली, मिळेल त्या विमानाने निघते."

काकांनी रोपांचा ट्रे मांडीवर घेतला. एक पान नीट केलं. आणि अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "मग राहू दे ना."

"काय राहू दे?"

"मी गेलोय ते. उद्यापर्यंत राहू दे. आली की सांगू."

आता तुम्ही सांगा, मी काय करायचं होतं? त्या माणसाने मला ते बटण दिलं नसतं तर माझ्या वहीत आजपर्यंत नुसत्या तारखा असत्या. अकरा वर्षांत त्याने माझ्याकडे एक गोष्ट मागितली, आणि तीही काय, तर गप्प बस. एवढंच. गप्प बसणं मला येतं, मी मीटर वाचणारा माणूस आहे. पण नुसती तारीख लिहिलेलं पान कसं दिसतं, ते मला माहीत आहे. ते मी कोणाच्या मुलीला उद्यापर्यंत बघायला लावू?

मी काकूंना म्हटलं, "फोन द्या." काकांनी तोंड फिरवलं.

"इस्क्रा, मी ग्रोझ्दान, मीटरवाला. तुझे बाबा जिवंत आहेत."

तिने विचारलं, "मग गेलं कोण?"

"कोणी नाही. मी चिकटवलं."

त्यापुढे ती जे बोलली ते मी वहीत लिहिलेलं नाही. बरंच बोलली, आणि मधेच स्पॅनिशमध्ये गेली, ते बरं झालं. मग म्हणाली, "त्यांच्याकडे दे." काकांनी फोन कानाला लावला आणि म्हणाले, "मिरचीची रोपं आणलीत." मग तिचं ऐकून, "नाही, अजून जेवलो नाही." मग फोन माझ्या हातात देऊन, ट्रे उचलून आत गेले. माझ्याशी एक शब्द नाही. दार लावलं, तेही हळू... जोरात लावलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी बोर्ड काढला, स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून ठेवला. प्रदर्शन रद्द, असं ठरवलं. स्तान्काने जेवताना ताटाशेजारी एक हिरवं झाकण ठेवलं. मी ते पण चिकटवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर थाप. उघडतो तर इस्क्रा. एक बॅग, डोळे सुजलेले. मी म्हटलं, "अगं, पण मी सांगितलं होतं की..." ती म्हणाली, "तिकीट परत होत नाही." हे म्हणताना माझ्याकडे बघत नव्हती. मग म्हणाली, "कुठे आहे ते?" मी बोर्ड वळवला. ती उभी राहिली, बापासारखीच, एक खांदा खाली करून. आणि म्हणाली, "कॉलर उलटी आहे." बॅगेतून सुईदोरा काढला, ओट्याशी बसून चिकटवलेली कॉलर सोडवली आणि सरळ शिवली. शिंप्याची मुलगी. मी डिंक पुढे केला तर म्हणाली, "शिवायचं ते शिवावं."

नऊ दिवस राहिली. मिरचीची रोपं दोघांनी मिळून लावली. काकूंचे गहू ती आली त्याच संध्याकाळी सगळ्यांनी खाल्ले, काका म्हणाले साखर कमी आहे. आणि आठव्या दिवशी प्रदर्शन झालं. वेलिकाबाईंनी बोर्डाखाली पट्टी लावली: "नायदेन, शिंपी. हयात." काका स्वतः शेजारी खुर्ची टाकून दिवसभर बसले, कोणी शंका घेतली तर दाखवायला. माझ्याशी बोलले का? बोलले. निघताना माझ्या हातात एक काळं बटण ठेवलं. "हे त्या कोटाचं, जास्तीचं. मी गेलो की डॅशच्या पुढे लाव. तोवर हात लावू नकोस." मी घरी येऊन वहीत तारीख लिहिली, आणि एक ओळ, आणि ती ओळ मी इथे सांगणार नाही. इस्क्राने जाताना नाताळचं तिकीट काढलं. परत न होणारं, मुद्दाम.

तर एवढीच गोष्ट. संपली असं मला वाटत होतं. पण रविवारी सकाळी दार वाजलं, बघतो तर मिन्काकाकू. हातात फोटो, तरुणपणचा, केस कुरळे केलेला. जिन्यात त्यांच्या मागे दुसऱ्या मजल्यावरचे दोघे, तेही फोटो घेऊन, आणि अगदी खाली पाववाली.

मी म्हटलं, "काकू, अहो, हे काय?"

काकू म्हणाल्या, "माझा मुलगा शिकागोला आहे, ते फार लांब आहे. तेव्हा चौकट जरा जाड घे."

मी खळ शिजायला ठेवली.