अकरा पाट्या काढल्याबाबत

खोऱ्यात मला सर्व जण खडकमास्तर म्हणतात. कागदावरचे नाव वर लिहिले आहे. वय ७४ पूर्ण. शिक्षण इयत्ता चौथी, वर्गात पहिला. धंदा पूर्वी दगडखाणीत, नंतर बावीस वर्षे नदीकाठच्या भूशास्त्रीय पायवाटेचा राखणदार. राहणार खालच्या पुलाजवळ. पोलीस चौकीत समक्ष हजर राहून जबाब देतो की,

सदर वाट नदीपात्रातून कड्याच्या माथ्यापर्यंत जाते. तिच्यावर क्रमांकाच्या अकरा पाट्या असून कोणत्या क्रमांकाला कोणता खडक, हे पुस्तिकेत छापलेले आहे. आखणी संशोधक बाईंनी केली, तेव्हा मी सोबत होतो. सर्वांत जुना थर तळाशी असतो, म्हणून एक क्रमांक पात्रात आणि अकरा माथ्यावर.

गेल्या महिन्यात वाहनतळ माथ्यावर नेला. वाटेच्या अधिकाऱ्यांनी पाट्या उलट क्रमाने लावल्या. पुस्तिका तीच ठेवली. मी तीन लेखी अर्ज दिले. एकाचीही पोच नाही. समक्ष विचारले असता अधिकारी म्हणाले, "लोक गाडी वर लावतात, बाबा. मोजायला काय आधी खाली उतरतील? पुस्तिका पुढच्या छपाईत बदलू." मी म्हणालो, "आणि तोवर?" "तोवर तुम्ही घरी बसा," असे उत्तर मिळाले.

सदर अधिकारी माझा मुलगा आहे. हवालदारांनी विचारले म्हणून सांगितले.

पुस्तिकेत तीन क्रमांकाला लिहिले आहे, 'येथे दोन पावले पुढे उतरून खडकाला हात लावावा.' जुन्या तीन क्रमांकाला पात्रात पाणी घोट्याएवढे असते. नव्या तीन क्रमांकाला कडा आहे. मंगळवारी धुक्यात एक बाई पुस्तिका वाचत दोन पावले पुढे गेल्या व बारा फूट खाली पडल्या. कमरेचे हाड मोडले. त्यांना वर आणताना स्ट्रेचरची एक बाजू मी धरली होती. "आजोबा, लिहिलं होतं तेच केलं हो मी," असे त्या तीन वेळा म्हणाल्या.

बुधवारी सकाळी सात ते साडेनऊ या वेळेत मी अकराही पाट्या काढल्या. मुलाने चोरीची तक्रार दिली. काल दारात उभा राहून तो म्हणाला, "चुकून काढल्या म्हणा ना, बाबा. लगेच मागे घेतो." चुकून काढलेल्या नाहीत. त्या कोठे आहेत ते मला ठाऊक आहे. पुस्तिका बदलेपर्यंत सांगणार नाही, हेही लिहून घ्यावे.

मजकूर हवालदारांनी वाचून दाखवला, नंतर मी स्वतः वाचला. 'वयोमानामुळे' हा शब्द खोडायला लावला. बाकी बरोबर आहे. अंगठा नाही, सही केली आहे.

हजर साक्षीदार: १) पडलेल्या बाईंचे पती. २) माझी सून, म्हणजे अधिकाऱ्यांची पत्नी. तिला कोणी बोलावले नव्हते.