हाकेला ओ

भाऊच्या धक्क्यावर आगबोटीच्या तिकिटांसाठी रांग लागली होती. परळच्या गिरणीतल्या रघूला स्वतःला गावी जायचं नव्हतं. गावाकडच्या जत्रेला कुणी निघालेलं भेटलं, की देवीचा नारळ त्याच्या हाती द्यायचा, एवढ्यासाठी तो उभा होता. गेली सहा वर्षं त्याचं असंच चाललं होतं. पुढे त्याच जत्रेला निघालेला एक म्हातारा आणि एक तरणा गडी बोलत होते.

"बाबा, ह्या वयात डोंगर धावणार?"

"धावायलाच लागतं. जत्रेला घरटी एक माणूस खाडीपासून वर देवळापर्यंत धावतो. रिवाजच हाय तसा."

"मुलाला धाडा की."

"घरात मीच उरलोय."

"आणि नाय धावलात तर?"

"सगळे वर पोचले की गुरव एकेका घराला हाक मारतो. तीन हाकांना ओ आली नाय, तर पुढल्या सालापासून त्या घराला हाक नाय."

"मग पोचता का वेळेवर?"

"गेल्या साली अर्ध्या वाटेवर होतो. तिथनंच ओ दिली, पण दम लागलेला, आवाज वर जाईना. म्हातारा गुरव थांबला माझ्यासाठी. तो वारला आता. त्याचा मुलगा काय थांबायचा नाय."

"मग यंदा?"

"यंदा पहाटेच वर जाऊन देवळामागच्या करवंदीच्या जाळीत लपून बसणार."

"बाबा, ही तर लबाडी!"

"असू दे. मला काय पहिलं यायचंय? मला ओ द्यायचीय."

रघूने म्हाताऱ्याला द्यायला पुढे केलेला नारळ परत पंच्यात बांधला आणि स्वतःच्या तिकिटाचे पैसे काढले.