पॅट्रिकच्या आजोबांचा भोपळा

आईशप्पथ, शब्दन्‌शब्द खरा आहे. बरं, निम्मे तरी.

मार्कहॅममधला आमचा आयरिश शेजारी पॅट्रिक चहाला आला की सांगायचा, "माझे आजोबा शंभर वर्षांपूर्वी आयर्लंडकडून क्रिकेट खेळले." झालं! माझ्या थापा सोडून सगळे त्याच्याकडे वळायचे, माझी बायकोसुद्धा. माझा नुसता जळफळाट.

एका शनिवारी मी ठोकून दिलं, "माझ्या आजोबांनी त्यांना भोपळासुद्धा फोडू दिला नव्हता!" घाईघाईत भोपळ्याचंही इंग्रजी करून बसलो. पंपकिन!

पॅट्रिकचे डोळे भरून आले. "आजोबा मरताना 'पंपकिन' एवढंच म्हणाले होते. आज अर्थ कळला!"

बायको हुंदका आवरत म्हणाली, "अहो, आधी त्यांना पाणी द्या!"

माझ्या आजोबांनी चेंडू कधी हातातही धरला नव्हता. तेवढं मी रचलं. मरतानाचा पंपकिन मात्र पॅट्रिकचा. तो मला का नाही सुचला?