उजव्या दारावरचं नाव

(इलोइलो शहर. स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या शेडमध्ये नवी लाल शिडीगाडी उभी आहे. दुपार.)

मारिएल : …आणि अक्षरं सोनेरी?

होनेस्तो : सोनेरीच. डाव्या दारावर गाडी देणाऱ्या सिओकोशेठच्या आईचं नाव आहे ना, अगदी त्याच मापात. ‘रुफिनो यापसेंको यांच्या स्मरणार्थ.’ पेंटर सकाळपासून खडूनं आखून बसलाय. तू फक्त एकदा वाचून बघ, इंदाय, माझी पोर ना तू.

मारिएल : वाचलं. पुसायला सांगा.

होनेस्तो : अक्षर आवडलं नाही?

मारिएल : अक्षर छान आहे. या गाडीवर पप्पांचं नाव नको.

होनेस्तो : अगं, मी तुझ्या आईला फोन केला होता. ती हो म्हणाली.

मारिएल : आई हल्ली सगळ्यांनाच हो म्हणते. परवा दारावर कुणी पडदे विकायला आला, त्यालाही हो म्हणाली. घराला पडदे आहेत.

होनेस्तो : बघ, रविवारी फादर येणार आहेत. सिंहनाच ठरलाय, फटाके सांगितलेत. आणि कल्पना माझी नाही, खुद्द सिओकोशेठची. उजवं दार त्यांना दुसऱ्या कुणालाही देता आलं असतं. लोक मागत होते. ते म्हणाले, नाही, तिथं रुफिनोच. केवढा मान आहे हा!

मारिएल : या गाडीवर पवित्र पाणी एकदा शिंपडून झालंय, आपे. आगीवर शिंपडायचं राहिलंय.

होनेस्तो : बोल. बापासारखीच बोल. तोही असाच, आधी हसायचा आणि मग टोचायचा.

मारिएल : मी हसले नाही.

होनेस्तो : माझ्यावर राग आहे ना तुझा? काढ. मी तुला या शेडमध्ये खेळवलंय. हेल्मेट डोक्यावर घातलं की तुझी हनुवटीसुद्धा दिसायची नाही.

मारिएल : आठवतंय. सख्खा मोठा काका असावा तसं मी तुम्हाला आपे म्हणत आले. म्हणून तर पत्र न पाठवता स्वतः आले. शाळेत आज माझे तास होते.

होनेस्तो : मग काकाचं ऐक. माणूस गेला. आता त्याचं नाव शहरातून फिरू दे. सायरन वाजला की लोक बाजूला होतील आणि नाव वाचतील.

मारिएल : आणि गाडी मोठ्या रस्त्यावर उभी राहील. पप्पा गेले त्या सोमवारी राहिली तशी.

होनेस्तो : गल्ली अरुंद होती. त्याला गाडी काय करणार?

मारिएल : नदीकाठच्या सगळ्याच गल्ल्या अरुंद आहेत. मयत न्यायचं तर पेटी तिरकी करावी लागते, हे तुम्हाला माहीत होतं, पप्पांना माहीत होतं. आपल्या शहरात आगी कुठं लागतात, आपे? हॉटेलच्या गच्चीवर की त्या वस्तीत?

होनेस्तो : उद्या हॉटेलला लागली तर?

मारिएल : तर सिओकोशेठची शिडी सिओकोशेठच्या हॉटेलपर्यंत पोचेल. शहरात तेवढी उंच दुसरी इमारतच नाही.

होनेस्तो : तोंड सांभाळ. त्यांच्या देणगीवर इथं डिझेल भरलं जातं. सरकार आपल्याला काय देतं? शाबासकी. आपण स्वयंसेवक माणसं. कुणी हार्डवेअरवाला, कुणी तांदळाचा व्यापारी, कुणी नुसताच रिकामा. जे मिळेल ते घ्यावं लागतं.

मारिएल : पप्पांनी तुमच्याकडे काय मागितलं होतं?

होनेस्तो : आता ते कशाला?

मारिएल : मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.

होनेस्तो : दोघांना उचलून नेता येतील असे छोटे पंप. लांब नळ्या. आणि नळीला नळी जोडायच्या त्याच्या त्या कड्या. दर बैठकीला तेच. रुफिनो उभा राहिला की पोरं आधीच ओरडायची, “कड्या!” आणि तोही हसायचा.

मारिएल : मग का नाही घेतल्या?

होनेस्तो : कारण कड्यांसाठी कुणी देणगी देत नाही! तुला काय वाटतं, मी मागितली नाही? मागितली. लोक विचारतात, फोटो कशाचा काढायचा? नाव कुठं घालायचं? नळीवर नाव घालता येत नाही, इंदाय. मुठीएवढ्या पितळेच्या कडीवर नाव मावत नाही. गाडीला दोन दारं असतात.

मारिएल : आता खरं बोललात.

होनेस्तो : खरं बोललो म्हणून काय झालं? तीस वर्षं मी हात पसरतोय. माझ्या स्वतःच्या बायकोसाठी मी कुणापुढे हात पसरला नाही.

मारिएल : पप्पांच्या अंत्यविधीला आलेलं सगळं अबुलोय, दुखवट्याचे पैसे, आईनं दलाला दिलं. फुलं आणू नका, जे द्यायचं ते दलाला द्या, असं आपल्या चिनी लोकांत सगळेच करतात. त्यातून काय घेतलं?

होनेस्तो : सायरन.

मारिएल : सायरन.

होनेस्तो : जुना घोगरा झाला होता.

मारिएल : माझ्या वडिलांच्या मरणाचा सायरन केलात.

होनेस्तो : असं बोलू नकोस.

मारिएल : त्या दिवशी गाडीत पाणी संपलं. पलीकडच्या दलाची गाडी भरलेली उभी होती, त्यांच्या नळ्या जमिनीवर पसरलेल्या होत्या. पण त्यांची कपलिंग आट्यांची, आपली खटक्याची. एकमेकांत बसत नाहीत. मध्ये मुठीएवढी एक कडी हवी, एका बाजूला आटे आणि दुसऱ्या बाजूला खटका. ती नव्हती. मी भाषेची बाई आहे, मला यातलं काही कळत नव्हतं. आता झोपेतही कळतं.

होनेस्तो : मीही तिथं होतो. मी त्या नळ्या दोरीनं बांधायला बघत होतो. दोरीनं! माझ्या हातांची कातडी गेली, हे बघ.

मारिएल : पप्पा गल्लीत आत होते. हातात कोरडी नळी.

होनेस्तो : मी ओरडलो, बाहेर ये. आत म्हातारी आहे म्हणाला.

मारिएल : म्हातारी वाचली. गेल्या आठवड्यात घरी आली होती, केळी घेऊन. आई तिच्याशी तासभर बोलत बसली. मी खोलीतून बाहेर आले नाही.

होनेस्तो : शेवटी त्यानं पदरच्या पैशानं दोन-चार कड्या करून घेतल्या, त्या नेहमी गाडीत असायच्या. त्याच त्या गंजक्या बिस्किटाच्या डब्यात. त्याच दिवशी नेमक्या नव्हत्या. चौकशीतही मी हेच सांगितलं. माणूस आहे, विसरला.

मारिएल : शोकसभेतही सांगितलंत. ‘एवढा काटेकोर रुफिनो, पण देवाच्या मनात होतं, त्या दिवशी विसरला.’ लोक रडले.

होनेस्तो : मीही रडलो.

मारिएल : मी ते मानलं. पप्पा चष्मा विसरायचे, माझा वाढदिवस विसरायचे. डबाही विसरले असतील. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या गाडीला ते नको म्हणाले, तिच्यावर त्यांचं नाव घालून तुम्ही त्यांच्याकडून हो वदवून घेताय. तेवढं करू नका.

आई : कोण काय वदवून घेतंय? होनेस्तो, पोरं कुठं आहेत? सिओपाओ आणलेत, गरम आहेत तोवर खायला बोलवा.

होनेस्तो : क्लारिता! अगं, एवढ्या उन्हात कशाला? मीच आलो असतो.

आई : शेडमध्ये डबे घेऊन यायची सवय आहे मला. मारिएल, तू शाळेत नाहीस?

मारिएल : आई, तू यांना हो म्हणालीस?

आई : म्हणाले.

मारिएल : मला विचारायचं तरी.

आई : तू नाही म्हणाली असतीस. बस. दोन खा. सकाळपासून उपाशी असशील. पेंटरलाही दे.

होनेस्तो : तूच समजाव हिला, क्लारिता. पोरगी शिकलेली आहे, शब्दांनी माणूस सोलून काढते.

आई : तिच्या बापालाही सोलायची. त्याला आवडायचं. होनेस्तो, ही पिशवी धरा. खाली जड आहे, सांभाळून.

होनेस्तो : काय आहे यात?

आई : काढा बाहेर.

होनेस्तो : …हा तर डबा.

मारिएल : पप्पांचा डबा? आई, हा कुठं मिळाला?

आई : मिळाला नाही. घरातच होता. तांदळाच्या पिंपावर दलाचा वायरलेस रेडिओ असतो ना, त्याच्या शेजारी.

मारिएल : म्हणजे पप्पा घरी विसरले.

आई : तुझे पप्पा चष्मा विसरायचे. हा डबा नाही.

होनेस्तो : क्लारिता, पोरांना बोलावतो मी. सिओपाओ गार होतील.

आई : थांबा. आगीच्या आदल्या दिवशी, रविवारी, गाडीवर पाणी शिंपडून झाल्यावर ते घरी आले, तेव्हा हा काखेत होता. मी विचारलं, हा कशाला आणलात? हसले. म्हणाले, ‘होनेस्तोनं काढायला लावला. फोटो काढायचे होते, कप्पे उघडे ठेवायचे होते, नव्या गाडीत गंजका डबा बरा दिसत नाही म्हणाला. शेठसमोर कशाला वाद घालू? उद्या जाऊन ठेवतो.’ दुसऱ्या दिवशी दुकानातून थेट आगीवर गेले.

मारिएल : आपे, हे खरं आहे?

होनेस्तो : एका दिवसासाठी काढ म्हणालो होतो. एकाच दिवसासाठी, इंदाय. मला काय माहीत…

मारिएल : तुम्ही चौकशीत सांगितलंत, ते विसरले.

होनेस्तो : सगळे विचारत होते. तोंडातून तेच निघालं. एकदा निघाल्यावर मग… तो तर गेलाच होता. त्याला काय फरक पडणार होता?

मारिएल : मी माझ्या वडिलांना माफ करत बसले होते. रोज, झोपण्याआधी. ज्याची माफी त्यांना लागतच नव्हती.

आई : हळू बोल. पेंटर ऐकतोय.

मारिएल : ऐकू दे! आई, तुला माहीत होतं. शोकसभेत तू पहिल्या रांगेत बसली होतीस. तू गप्प का राहिलीस?

आई : मला वाटलं, होनेस्तो स्वतः सांगतील. तीस वर्षांचे मित्र. नऊ दिवसांच्या प्रार्थना झाल्या, चाळिसाव्याची प्रार्थना झाली, दरवेळी हे माझ्या शेजारी येऊन बसायचे. मला वाटायचं, आज बोलतील. मग फोन आला, तर दारावर सोनेरी अक्षरांत नाव घालू का, म्हणून.

होनेस्तो : क्लारिता, मी काय करू? सांग. दलप्रमुखपदाचा राजीनामा देतो. आत्ता देतो.

आई : त्यानं काय होणार? दुसरा कुणी येईल, तोही फोटो काढील. मी त्या दिवशी रेडिओपाशीच होते, होनेस्तो. ते पाणी मागत होते, मी ऐकत होते, आणि डबा माझ्या हाताशी होता. झाकण उघडून एक कडी मी हातातसुद्धा घेतली. तेवढ्यात त्यांचा आवाज बंद झाला.

मारिएल : आई…

आई : असू दे. सगळ्यांनी खाऊन घ्या आधी.

होनेस्तो : मी चौकशीवाल्यांकडे जातो. पुन्हा सांगतो, खरं ते.

आई : जा. मारिएल बरोबर येईल. तिला शब्द नीट मांडता येतात.

मारिएल : येईन. आणि पेंटरला पुसायला सांगते.

आई : दारावरचं पूस. पण नाव घालायचंय. मी हो म्हणाले होते, कुठं ते सांगितलं नव्हतं.

होनेस्तो : मग कुठं?

आई : मागे पंपाच्या खाली कप्पा आहे ना, ज्यात ते डबा ठेवायचे? त्याच्या झाकणाला. आतल्या बाजूनं.

होनेस्तो : आतून? झाकण बंद असलं की कुणालाच दिसणार नाही, क्लारिता.

आई : ज्याला कडी लागेल तो उघडेल.

होनेस्तो : आणि सिओकोशेठना मी काय सांगू? रविवारी फोटो…

मारिएल : ते तुम्ही ठरवा. आई, दे तो डबा इकडे. मी ठेवते.

होनेस्तो : थांब, इंदाय. लगेच नको. तो कप्पा रिकामा नाही.

मारिएल : काय आहे त्यात?

होनेस्तो : रविवारच्या मिरवणुकीचे झेंडे.